मालूच्या उजव्या हाताबद्दल

मी, सारा एलियास अष्टमकर, वय वर्षे पंचाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार अष्टमी, तालुका रोहा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. साखर आहे, गुडघे गेले आहेत, राग मात्र शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणून तर बघा. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी घर भाच्याला दिलं होतं, ते आजपासून रद्द समजावं.

माझी मैत्रीण मालू विठू म्हात्रे, मूळ राहणार जोहे, तालुका पेण, ही गेल्या माघात माझ्या घरी वारली. गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायला तिच्या तोडीचा हात त्या भागात नव्हता. हा कागद माझ्या इस्टेटीचा असला तरी निम्म्याहून अधिक तिच्याबद्दल आहे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात एवढं लिहायची गरज नसते. मी म्हटलं, गरज आहे की नाही ते मरणारी ठरवील.

कलम १. माझं दफन रोह्याला आमच्या ज्यू लोकांच्या जागेत व्हावं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि रोह्यात आता आमचे दहा जमत नाहीत. पेण-अलिबागहून बोलवावेत. नाहीच आले तर असतील तेवढ्यांत उरकावं. मला फार वेळ उन्हात ठेवू नये.

कलम २. माझं अष्टमीचं राहतं घर, मागच्या पडवीसकट, मी मालूची नात कुमारी सुरभी हिला देते. सुरभी ही मालूची मुलगी अनिता, राहणार गडब, हिची मुलगी. वय वीस. आजीकडूनच डोळे आखायला शिकली आहे.

अट एकच. पडवीतल्या उत्तरेकडच्या भिंतीला चुना, डिस्टेंपर, काहीही लावायचं नाही. त्या भिंतीवर डोळे आहेत. मी एकदा मोजायला बसले आणि सहाशेच्या पुढे कंटाळले. खालच्या बाजूचे वेडेवाकडे आहेत, काही तर नुसते फराटे. मालू जमिनीवर बसून डाव्या हाताने ते काढायची आणि रडायची. जसजसं वर बघत जाल तसतसे ते सुधारत जातात. सगळ्यात वरच्या रांगेतले डोळे तिने स्टुलावर उभी राहून काढलेत. त्या रांगेखाली उभं राहून खोटं बोलून दाखवावं कोणी. मला छत्तीस वर्षं त्याच भिंतीसमोर जेवावं लागलं.

डाव्या हाताने का, ते पुढच्या कलमात.

कलम ३. माझ्या स्वयंपाकघरातला काळा वरवंटा माझा नव्हे. तो जोह्याच्या विठू म्हात्रेच्या, म्हणजे मालूच्या नवऱ्याच्या, घरचा आहे. मी तो पिशवीत घालून आणला आणि इतकी वर्षं त्याच्यावर चटणी वाटली. माझ्यामागे तो विठूला परत करावा. त्याची वस्तू त्याला जाते आहे, त्याला मी काही देत नाही, हे वकीलबाईंकडून पक्कं करून घेतलं आहे, कारण विठू या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मी याच कारणासाठी त्याला साक्षीदार केला. माझ्याकडून त्या माणसाला काही मिळू नये याची कायद्यानेच व्यवस्था झाली.

आता घडलेलं लिहिते. एकदाच लिहीन.

दिनांक १७ ऑगस्ट १९८९, गुरुवार. गणपतीला अठरा दिवस होते. मी तेव्हा जोह्याच्या बाजूलाच एका सरकारी दवाखान्यात होते. रोज रोह्याहून गाडीने जित्याला उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. अनिताला डोस पाजायला मालू दवाखान्यात यायची, तिथली आमची ओळख. मग ड्युटी संपली की ती डोळे आखायची त्या गणपतीच्या कारखान्यात मी जाऊन बसू लागले. मूर्ती करू नये, पुजू नये, असं आमचा धर्म सांगतो. पण बघू नये असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. मालू डोळा आखताना श्वास धरायची. भुवई, पापणी, मग बाहुली, आणि शेवटी बाहुलीत पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की समोरची माती आपल्याकडे बघायला लागायची. मग ती श्वास सोडायची आणि मला म्हणायची, "बगितलास? आता लाजला तो." मला तिचा अभिमान वाटायचा, आणि हेवाही. सुया टोचण्यापलीकडे माझ्या हाताला काही येत नव्हतं.

विठू त्याच कारखान्यात माती मळायचा. त्या सकाळी मालक दिनानाथ चार माणसांत त्याला म्हणाला, "विठू, तू नुसता गोळा देतोस. जीव तुझी बायको घालते." सगळे हसले. विठूसुद्धा हसला म्हणे. दुपारी घरी जेवायला आला, माती कुटायची लाकडी मोगरी घेतली, मालूचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि घातली.

मी जेवणाच्या सुट्टीत मालूकडे आले, अंगणात पाय ठेवला तेव्हा आतून आवाज आला. मी नर्स आहे, हाड मोडल्याचा आवाज मला सांगावा लागत नाही. आत गेले तोवर अंगठा आणि दोन बोटं गेली होती आणि मेल्याने मोगरी पुन्हा उचलली होती. पाट्यावर वरवंटा होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि विठूच्या उजव्या गुडघ्यावर घातला.

पहिला फटका मालूच्या बोटांचा. दुसरा, तो उठू नये म्हणून. इथपर्यंत मी कुठल्याही कोर्टात मान वर करून उभी राहीन. तिसरा मारला तेव्हा तो आडवा पडून हात जोडत होता, गुडघ्याची वाटी फुटून बाजूला झाली होती, आणि मालू ओरडत होती, "बस गो! बस! मरंल तो!" तिसरा मी मला बरं वाटत होतं म्हणून मारला. फार बरं वाटलं. त्याची लाज मला अजून वाटत नाही, आणि वाटत नाही याचीच कधीकधी भीती वाटते.

नंतर मालू भिंतीला टेकून बसली. हात नुसता लोंबत होता. म्हणाली, "तू जा. सरकारी नोकरी हाय तुजी. मीच मारलं म्हनून सांगते."

मी म्हटलं, "कशाने मारलंस? हात बघ तुझा."

"मंग तू लिव काय ते. तुला लिवता येतं."

आणि मी लिहिलं.

कलम ४. केसपेपर. हे कलम देण्याघेण्याचं नाही, पण वाचणाराने ते गाळू नये.

दोघांनाही दवाखान्यात आणलं गेलं. मीच दोघांना पट्ट्या केल्या. आणि मालूच्या केसपेपरवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "नवऱ्यास वरवंट्याने मारीत असता वरवंटा निसटून स्वतःच्या उजव्या हातावर पडला. अंगठा व दोन बोटे मोडली आहेत." डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. आता तुम्हीच सांगा, ज्या हातात वरवंटा आहे त्याच हातावर तो पडेल कसा? डॉक्टरांनी विचारलं नाही. जमादाराने विचारलं नाही. अख्ख्या गावाने विचारलं नाही. बाईने नवऱ्याला मारलं एवढं कानावर पडल्यावर कोणाला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

विठू गप्प बसला. माझं नाव घेतलं असतं तर मोगरीही बाहेर आली असती. दोन दिवसांनी त्याने तक्रार नाही म्हणून सांगितलं आणि पोलिसांनी मालूला सोडलं. गावाने नाही सोडलं. कारखान्यात माती मळणारा जनू पहिल्यांदा म्हणाला, "देवाच्या डोळ्यांवरून फिरनारा हात, नवऱ्यावर उचलला. देवानंच मोडला." हे वाक्य जोह्यातून हमरापुरात गेलं, तिथून पेणला गेलं. मालूला कोणी मूर्ती घासायलासुद्धा उभं करीना. देवाने मोडला! माझ्या एका ओळीने देवाच्या अंगावर विठूचं पाप घातलं आणि मालूच्या अंगावर माझं.

ती अनिताला घेऊन माझ्याकडे आली, ती कायमचीच. मी बढती घेतली, नोकरी पुरी केली, पेन्शन खाल्ली. त्या पेन्शनीतल्या प्रत्येक घासाला मालूची बोटं लागली आहेत. दरवर्षी म्हणायचे, आता सांगते. दरवर्षी ती म्हणायची, "नको गो. माजं गेलं ते गेलं. दोगींचं कशाला?" आणि मी लगेच ऐकायचे. एरवी मी कोणाचं ऐकते काय? पण हे ऐकायचे.

कलम ५. दिनानाथ, कारखानदार, जोहे, याच्याशी माझं असलेलं वैर मी कोणाला वारसाने देत नाही, ते माझ्याबरोबर पुरावं. पण आधी उघडं करते.

डावा हात बसवायला मालूला चार वर्षं लागली. तिने स्वतःच आखलेली एक जुनी मूर्ती समोर ठेवली, शेजारी आरसा उभा केला, आणि आरशातला डोळा बघून डाव्या हाताने काढायला लागली. आरशात सगळं उलट दिसतं. त्यामुळे बाहुलीतला पांढरा ठिपका सगळे ज्या बाजूला देतात त्याच्या उलट बाजूला जाऊ लागला. चूक लक्षात आली तोवर हात बसला होता. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माजी सही हाय ती."

ती पुन्हा आखू लागली हे दिनानाथला कळलं आणि तो स्वतः रोह्याला आला. कारखान्यात तिला घेणार नव्हता, लोक काय म्हणतील! पण ताडपत्रीखाली झाकून टेंपो भरून कच्च्या मूर्ती मात्र माझ्या घरी पाठवायला लागला. पंचवीस वर्षं. माझ्या दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे आमच्या प्रार्थनेची डबी, आणि आत पडवीभर गणपती, डोळ्यांविना. माझा भाऊ परदेशातून फोनवर ओरडला, मी फोन ठेवून दिला. मी रंग कालवून दिले, ब्रश कधी हातात धरला नाही. वर गेल्यावर त्याचा निवाडा होईल तो होवो. शुक्रवारी दिवेलागणीला मी दिवा लावला की मालू ब्रश धुऊन ठेवायची. "तुज्या देवाची सुट्टी, तर माज्या देवालाबी," म्हणायची.

दिनानाथने लोकांना सांगितलं की हे डोळे त्याचा मुलगा रितेश आखतो. पेणला हॉल घेऊन रितेशचा सत्कार झाला, शाल दिली, नारळ दिला. आम्ही दोघी मागच्या खुर्च्यांवर होतो. कोणीतरी रितेशला फळ्यावर एक डोळा काढायला लावला. त्याने काढला. ठिपका चारचौघांच्या बाजूला. हॉलमध्ये टाळ्या. मालू तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला हसू आलं नाही. मी बाहेर गेले, दगड शोधला आणि दिनानाथच्या नव्या गाडीची पुढची काच फोडली. ती मी फोडली. माझ्यामागे ती भरून देऊ नये.

आणि हाच दिनानाथ! मालूला जाऊन पाच महिने होतात न होतात तोच सुरभी त्याच्याकडे आखणीचं काम मागायला गेली, तर सगळ्या कारागिरांसमोर तिला म्हणाला, "तुझ्या आजीनं नवऱ्याचा पाय मोडला. त्या घरातला हात माझ्या गणपतीच्या डोळ्यांना लागायला नको." पोरगी घरी आली आणि मलाच विचारू लागली, "साराआजी, आजीनं खरंच असं का केलं?" पंचवीस वर्षं त्या हातावर जेवला मेला, आणि वर तोंड करून हे बोलतो! हातात वरवंटा घेऊनच निघाले होते. पायांनी दगा दिला, म्हणून लिहायला बसले.

कलम ६. माझा भाचा नोआ रूबेन अष्टमकर, हल्ली मुक्काम अश्दोद, याने रागावू नये. त्याला मी आईचा चांदीचा प्याला, शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी लावायचा, दिवा, प्रार्थनेची जुनी मराठी पुस्तकं आणि मेझुझा देते. बँकेत असेल ते माझ्या दफनाचा खर्च जाऊन अनिताला द्यावं. नोआ, तू दर फोनवर म्हणायचास, आत्या, त्या बाईला किती वर्षं पोसणार? कोण कोणाला पोसत होतं ते आता तुला कळलं असेल.

कलम ७. मी मेल्यावर आठ दिवसांच्या आत हे मृत्युपत्र वकीलबाईंनी जोह्याला दिनानाथच्या कारखान्यात, भर कामाच्या वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचावं.

रोहा, दिनांक ५ ऑगस्ट २०२५.

पुरवणी. वरचं सगळं लिहून झालं आणि सह्यांसाठी काल मी विठूला बोलावलं. तो काठी टेकत आला. अठ्ठ्याहत्तरीला आला आहे, उजवा पाय अजून फरफटतो. वकीलबाई त्याला सगळं वाचून दाखवत होत्या. तिसऱ्या फटक्याला त्याने डोळे मिटले. सातवं कलम ऐकल्यावर म्हणाला, "मेल्यावर वाचनार? मेलेल्याला कोन काय विचारनार? आनि ही पोर तवर काय करनार? आता चल."

मी म्हटलं, "तू मला शहाणपण शिकवू नको."

तो म्हणाला, "मी गप बसलो, तो मोगरीपायी. तू गप बसलीस, ती पगारापायी. मालूनं दोगांना खाऊ घातलंन. चल."

सुरभी दारात चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कप खाली ठेवले आणि म्हणाली, "आजी मरताना मी तिचा तोच हात धरून बसलेले. मनात म्हणत होते, याच हातानं आजोबाला मारलं. शेवटपर्यंत तेच म्हणत होते मी." मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. आज जोह्याला येईपर्यंत रिक्षात ती ड्रायव्हरशेजारी, माझ्याकडे पाठ करून बसली. तिचं बरोबर आहे. घर मी तिला माफीसाठी देत नाही, तिने माफ करू नये.

तर कलम ७ रद्द. हे मृत्युपत्र मी आज, जिवंतपणी, जोह्याला दिनानाथच्या कारखान्यात स्वतः उभी राहून वाचलं. तीस-पस्तीस माणसं होती. आधी ब्रश चालू होते, मग थांबले. दिनानाथ म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय. पुरावा काय?" मी पिशवीतून वरवंटा काढून त्याच्या टेबलावर आदळला. टेबलाची काच तडकली, ही दुसरी. म्हटलं, "उजव्या हातात धर हा, आणि त्याच हातावर पाडून दाखव. पाडलास तर मी खोटी."

त्याने हात लावला नाही. विठूने पायजमा वर ओढला, सगळ्यांना गुडघा दाखवला आणि माझ्याकडे बोट केलं. "हिनं. मालूनं न्हाय. मालूची बोटं मी मोडली. मोगरीनं." एवढं बोलून तो मूर्तींच्या फळीला धरून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. पट्टी करायला मी आता नर्स नाही.

दिनानाथ चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेला तो बाहेर आला नाही. दुसरा साक्षीदार मी त्यालाच करणार होते. तेवढ्यात मागून जनू उठला. तोच जनू, देवाने हात मोडला म्हणणारा. आता पुरता वाकला आहे. मातीचे हात धोतराला पुसत पुढे आला आणि म्हणाला, "माजी घाल सही. ते वाक्य माजं व्हतं." मग स्वतःचा बसायचा पाट पायाने सुरभीपुढे सरकवला, एक कच्ची मूर्ती आणून तिच्यासमोर ठेवली. "बस गो."

सुरभी बसली. मी हे शेवटचं लिहिते आहे आणि ती समोर आखते आहे. उजव्या हाताने. तिने श्वास धरला, बाहुलीत ठिपका दिला, तो आजीच्या बाजूला.

मृत्युपत्र संपवण्यापूर्वी मी, त्या दिवशीची परिचारिका, दिनांक १७ ऑगस्ट १९८९ च्या केसपेपरवरचं माझ्या हातचं वाक्य खोडते. त्या जागी असं वाचावं:

रुग्ण मालू विठू म्हात्रे, वय पस्तीस, धंदा गणपतीचे डोळे आखणे. उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे नवऱ्याने मोगरीने मोडली. नवऱ्याचा गुडघा सारा एलियास अष्टमकर हिने फोडला. रुग्णाने कोणावरही हात उचललेला नाही.

लिहून देणार: सारा एलियास अष्टमकर (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष सही केली:
१. विठू म्हात्रे, राहणार जोहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
२. जनू, माती मळणारा, राहणार जोहे (सही; कागदाला माती लागली आहे, ती पुसू नये).

ठिकाण: जोहे, तालुका पेण, दिनानाथचा कारखाना.
दिनांक: ७ ऑगस्ट २०२५, गुरुवार. गणपतीला वीस दिवस.